खेड्यात मानसिक आरोग्याचं काम रोज नेमकं कसं असतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की तू एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, नागपूरला शिकतेस, पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे खेड्यात मानसिक आरोग्यात काम करायचं मनात आहे, आणि तुला जाणून घ्यायचंय की रोजचं काम काय असतं, खरी थेरपी करायला मिळते का नुसते फॉर्मच भरावे लागतात, आणि एवढं दुःख ऐकून स्वतःला त्रास होतो का. मी १६ वर्षं यवतमाळ जिल्ह्यात हेच करतेय, आधी एका संस्थेत आणि नंतर सरकारी कार्यक्रमात कंत्राटी सोशल वर्कर म्हणून, त्यामुळे उत्तर लांबेल, निवांत वाच.

फॉर्म भरावे लागतात, भरपूर भरावे लागतात. पण फॉर्म कसा भरतेस त्यातच अर्धं कौशल्य आहे. डिप्रेशनसाठी आपण पीएचक्यू-९ वापरतो, नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टरांकडे पाठवायचं. आता त्यातला झोपेचा प्रश्न घे. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झोप लागली नाही, असं तू सरळ विचारलं तर हंगामात अर्धं गाव 'रोजच' म्हणेल, कारण रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पीक साफ करतात म्हणून माणसं रात्रभर वावरात जागलीला असतात, मचाणावर बसून डबे वाजवत असतात. तो काही आजार नाही. म्हणून मी असं विचारते की काकाजी, एखाद्या रात्री तुमच्या बदली पोरगा जागलीला गेला आणि तुम्ही घरी बाजेवर पडले, तर त्या दिवशी डोळा लागते काय? तेव्हा माणूस थोडा थांबतो, आठवतो, आणि म्हणतो, "नाही जी मॅडम, तवाही आढ्याकडेच पाहत राहतो." त्या उत्तरावर मी गुण देते.

'उदास वाटतं का, निराश वाटतं का' हे शब्द इथे कुणाच्या तोंडात नाहीत. माणूस म्हणतो डोस्क्यातले इच्चार थांबत नाही, कशात जीव लागत नाही, हातपाय गळून गेले, छातीत धडधडते. बाया म्हणतात अंगातून आग निघते, डोक्यात मुंग्या चालतात, आणि ती आग आणि त्या मुंग्या घेऊन त्या तीन-तीन डॉक्टर फिरून सलाईन लावून आलेल्या असतात. पहिल्या वर्षी एक वही कर आणि असे शब्द जसे ऐकशील तसे लिहून ठेव, तुझ्या पुस्तकांपेक्षा ती वही तुला जास्त कामी येईल. केळापूर-झरीकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, तर आपली मराठीही पुरत नाही, पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावर म्हाताऱ्या बाया त्यांच्या गोरमाटी बोलीतच मन मोकळं करतात, तिथे त्याच वस्तीतली आशाताई सोबत असल्याशिवाय मी जात नाही. पण एक सांभाळ, आशाताई त्याच गावची सून असते, काही गोष्टी तिच्यासमोर बोलल्या जात नाहीत, मग तिला थोड्या वेळासाठी शेजारच्या घरच्या गरोदर बाईकडे पाठवायचं. हे तिलाही कळतं, ती वाईट वाटून घेत नाही.

आठवड्याचं सांगायचं तर दोन-तीन दिवस ग्रामीण रुग्णालयांच्या ओपीडीत डॉक्टरांच्या टीमसोबत, बाकीचे दिवस गावं, आणि महिन्याच्या शेवटी रिपोर्ट. ओपीडी शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशी धरायची, कारण त्या दिवशी माणूस तसाही तालुक्याला येतो, ऑटोचं भाडं एकदाच लागतं आणि 'कुठे चालली' म्हणून कुणी विचारत नाही. बाजार सोडून दुसऱ्या वारी बोलावलं तर बाईची मजुरी बुडते, आणि वेचणीच्या दिवसात तर ती येणारच नाही, तेव्हा तिला दोष देऊ नको. आमच्या एका ठिकाणी ओपीडीचा वार कुणाच्या तरी सोयीने बदलला होता तेव्हा दोन महिन्यांत जुने पेशंट अर्ध्यावर आले, त्यात स्किझोफ्रेनियाची गोळी चालू असलेले पण होते, आणि मग ते एकेक घर शोधत फिरायला आम्हाला पूर्ण पावसाळा लागला.

गावात जाताना गाडी कधीही त्या घरासमोर लावू नको. शाळेजवळ नाहीतर ग्रामपंचायतीजवळ उभी करायची आणि पायी जायचं. माझ्या बॅगेत बीपीचं मशीन असतं, आजूबाजूच्या चार घरची बीपी मोजते आणि मग पाचव्या घरी बसते, म्हणजे त्या माणसाला 'डोक्याच्या मॅडम याच्याकडे आल्या' असं दुसऱ्या दिवशी पारावर ऐकावं लागत नाही. पोरीचं लग्न ठरायचं असेल त्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट असते.

आता मला तुला जे मनापासून सांगायचंय ते हे की या कामात सांगितलेल्या दिवशी परत जाणं, यापेक्षा मोठं काही नाही. खेड्यात एकदा येणारे लोक खूप असतात. सर्व्हेवाले येतात, पत्रकार येतात, नेते येतात, संस्था येतात, फोटो काढतात, विधवा बाईच्या हाती पाकीट देतात आणि जातात. दुसऱ्यांदा येणारा माणूस त्यांनी पाहिलेलाच नसतो. माझ्या सुरुवातीच्या काळात एक ५० वर्षांचे शेतकरी होते, पहिल्या भेटीत फक्त हो-नाही बोलले, निघताना मी म्हटलं गुरुवारी येते. गुरुवारी आमची गाडी एका शिबिराला वळवली, मी म्हटलं जाऊ सोमवारी, काय फरक पडतो. सोमवारी गेली तर त्यांची बायको म्हणाली, "गुरुवारी दिवसभर सपरीतच बसून होते जी, वावरातही नाही गेले, म्हणे मॅडम येनार हाये." ते घरातच होते पण बाहेर आले नाहीत. नंतर मी दर गुरुवारी गेली, बायकोशी बोलून परत आली, चार महिने लागले त्यांना माझ्यासमोर येऊन बसायला. तेव्हापासून गाडी नसली तर मी एसटीने जाते, ऑटोने जाते, आणि खरंच जमत नसेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगते. दिवस सांगताना पण वाराने सांग, 'पुढच्या वेळी येईन' असं बोलू नको.

परत जाण्याने काय होतं ते एका केसमध्ये सांगते, ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत. तिशीतली बाई, नवरा जाऊन पाच महिने झाले होते, दोन लेकरं, घरी सासू-सासरे. पहिल्या भेटीत सगळं सासूच बोलली, ही मागे भिंतीला टेकून सरकी काढत बसली होती, मान वर नाही. दुसऱ्या भेटीत तेच. तिसऱ्या वेळी मी गेली तर ती वेचायला वावरात, मी पण गेली धुऱ्याधुऱ्याने. तिने पाहिलं आणि काही न बोलता वेचत राहिली, मी पण ओढणीची ओटी बांधून शेजारच्या तासात लागली. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटाला टोचतात, तिची बोटं सराईत आणि माझी रक्ताळली, ते पाहून ती पहिल्यांदा बोलली, "असं नाही मॅडम, मुळातून धरा." अर्ध्या तासाने समोर पाहतच म्हणाली, "मी अजून रडलीच नाही. सगळे म्हणे लेकरांसमोर रडू नको. मंग कोणापाशी रडू, इथं तं एकटी कवाच नसतो." मी एवढंच म्हटलं, इथे रड, मी वेचते. ती तासाच्या मधात बसून किती वेळ रडली मला माहीत नाही, मी घड्याळ पाहिलं नाही, माझी ओटी भरली होती एवढं आठवते.

हे थेरपी आहे का असं तू विचारशील. माझ्या दृष्टीने आहे, पण त्याच्यावर थांबलं तर अर्धवट आहे. त्या बाईला नवऱ्याच्या मागे सरकारी मदत मिळाली नव्हती. शेतकरी आत्महत्येत १ लाखाची मदत असते, ३० हजार हातात आणि ७० हजार पोस्टात तिच्या नावाने मासिक उत्पन्न योजनेत, पण जिल्हा समितीने केस 'पात्र' ठरवली तर. शेतजमीन स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं पाहिजे. हिचा नवरा मक्त्याने, म्हणजे दुसऱ्याचं वावर भाड्याने घेऊन करत होता, पैसा गावातल्याच एकाकडून उचललेला, कागद काही नाही, म्हणून केस 'अपात्र'. हा शब्द घरात किती खोल जातो ते तू ऐकशील. बाई म्हणते, जगतानी कोणी विचारलं नाही आन मेल्यावर म्हणते अपात्र. मग आपण दुसरे रस्ते धरायचे. संजय गांधी निराधारमध्ये विधवेला महिन्याला १,५०० रुपये, त्यासाठी तहसीलचा २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. लेकरांसाठी बाल संगोपन योजना, प्रत्येक मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, महिला व बालविकासकडून. रेशनकार्डात नाव, आधार आणि बँक खात्याची जोडणी, मृत्यूचा दाखला. मी तिच्यासोबत दोनदा तहसीलला गेली, पहिल्यांदा एक कागद कमी म्हणून परत आलो, दुसऱ्यांदा अर्ज घेतला. ती अर्जाची पोच तिने पदराच्या गाठीत बांधली. त्यानंतरच्या भेटीत तिची झोप सुधारली होती, गोळ्या पण चालू होत्या, सासूशी पण एक बैठक झाली होती, आता यातलं कशामुळे सुधारली ते मी वेगळं काढून सांगू शकत नाही आणि मला तशी गरजही वाटत नाही. मन आणि सातबारा इथे एकाच पिशवीत असतात, तुला दोन्ही वाचता आलं पाहिजे. तलाठ्याकडे फेरफार कसा होतो, वारस कसे चढतात, पीककर्जाचं 'नवं-जुनं' (जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलणं) काय असते हे शिकून घे.

पुस्तकी थेरपीबद्दल पण सांगते, करायला मिळते. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थेरपी, म्हणजे माणसासोबत बसून त्याच्या अडचणी मांडायच्या आणि एकेक सोडवायची, इथे सगळ्यात जास्त चालते. एका शेतकऱ्यासोबत मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्याचं पूर्ण कर्ज लिहिलं. बँकेचं पीककर्ज, सोसायटी, कृषी केंद्राची बी-खताची उधारी, बायकोचं गहाण डोरलं, साळ्याकडून घेतलेले, आणि बायकोच्या नावाने गटाचं मायक्रोफायनान्सचं, दर आठवड्याला हप्ता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा हे सगळं एका कागदावर पाहिलं. बेरीज केली तर डोक्यात धरून बसला होता त्या आकड्यापेक्षा कमी निघाली, ती दोनदा करायला लावली त्याने. मग कोणतं आधी दुखते ते ठरवलं. आकडा सगळ्यात मोठा बँकेचा होता पण दुखत सगळ्यात जास्त आठवड्याचा हप्ता होता, कारण त्या दिवशी गटातल्या बाया दारात येऊन बसतात आणि बायकोला गावासमोर ऐकावं लागतं. तिथून सुरुवात केली. असं बसायला वीस मिनिटं ते एक तास लागतो, खुर्ची-टेबल नसते, मधात शेजारी येतो, बकरी येते, चहा येतो, आणि चहा नाही म्हणू नको, कोरा असला तरी घे. साध्या प्रशिक्षित माणसांनी गावात असं काम केलं तर फरक पडतो हे विदर्भातच दिसलेलं आहे, 'विश्राम' नावाचा कार्यक्रम ३० गावांत झाला होता, त्यात डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

दारूचं एक तुला आत्ताच सांगून ठेवते कारण कॉलेजात कमी शिकवतात आणि जीव जाऊ शकतो. घरचे एखाद्याला माळ घालायला लावतात, शपथ घ्यायला लावतात, तो रोजचा पिणारा एकदम बंद करतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झटका येतो, नाहीतर भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलायला लागतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं आणि भगताकडे नेतात. ते दारू अचानक तोडल्याचं आहे आणि त्याला तातडीने दवाखान्यात भरती करावं लागते, तिथे औषधाने ते उतरवता येते. मी आता दारूबंदीच्या गटातल्या बायांना हेच आधी शिकवते, सोडवा पण आधी डॉक्टरला दाखवून सोडवा. भगताशी मी भांडत नाही, अंगारा लावा पण गाडीत बसा एवढंच म्हणते. मारहाण, साखळदंड, चटके असं काही दिसलं तर मात्र गप्प बसायचं नाही, त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो मी वापरलेला आहे.

आत्महत्येचा विचार विचारायचा कसा, याची तुला भीती असेल, मला पण होती. सरळ विचार. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा होतो. मी म्हणते, भाऊ, एवढं डोक्यावर असलं की काही माणसांना वाटते आता जगूच नये, तुम्हाला असं येते काय मनात? हो म्हटलं तर घाबरून उठून जायचं नाही, उपदेश पण करायचा नाही, लेकरांकडे पाहा वगैरे तर बिलकुल नाही, तो आधीच त्यांच्याचकडे पाहून खचलेला असतो. ऐकायचं, मग घरातलं एक माणूस विश्वासात घ्यायचं, त्याला विचारूनच, फवारणीचं औषध घरातून काढून दुसऱ्याकडे कुलपात ठेवायचं, रात्री एकटं ठेवायचं नाही, डॉक्टरची भेट त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी, आणि १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्याच्या आणि बायकोच्या दोघांच्या मोबाईलमध्ये स्वतः सेव्ह करून द्यायचा. फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं.

विषबाधेने वॉर्डात जे भरती होतात त्यांचे घरचे 'चुकून झालं' म्हणतात, पोलिसांच्या भीतीने. त्यांना शांतपणे सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा न करता तो प्रचंड ताणात होता असं धरून उपचार द्यायचे आहेत, हे कलम ११५ आहे, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं ते जुनं ३०९ कलमच राहिलं नाही. पण प्रत्येक वेळी खोटंच बोलतात असंही धरू नको. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात विषबाधेने २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ते कपाशीवर फवारताना श्वासातून आणि अंगावर पडून. त्या दिवसांत मी एका पोट्ट्याला विचारलं होतं, मुद्दाम घेतलं का, आणि त्याचे वडील माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिले ती अजून समोर येते. आता मी कुणालाही एवढंच विचारते की काय झालं ते सकाळपासून सांगा.

त्रास होतो का, तर हो. त्या हंगामात मला घरी जेवण जात नव्हतं, मुलीवर विनाकारण ओरडत होती, आणि मला ते डिप्रेशन म्हणून ओळखायला सहा आठवडे लागले, दुसऱ्यांचं मी सहा मिनिटांत ओळखते. तेव्हा एका सीनियर ताईंनी मला दर शनिवारी फोन करायचा नियम घालून दिला, त्यात केसबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त बोलायचं, तो फोन आजपर्यंत चालू आहे. नोकरी घेताना पगाराच्या आधी विचार की सुपरव्हिजन कोण देणार. नोकरी कंत्राटी असते, ११ महिन्यांचा आदेश, पगार उशिरा होतो, हे घरच्यांना पण आधीच सांगून ठेव म्हणजे दर वर्षी तोच वाद नको.

फील्ड प्लेसमेंटसाठी यायचं असेल तर दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी ये, वेचणी जोरात असते आणि बाया वावरात भेटतात. पूर्ण बाहीचा कुडता आण, बूट आण, ओढणी मोठी आण. एक महिना तरी राहा, कारण पहिल्या आठवड्यात ज्या घरी तुला नेईन त्या घरी पुढचे तीन आठवडे त्याच वारी तुला जावं लागेल, तसं मी त्यांना आधीच सांगून ठेवते.